उलट्या गालावरचा तीळ

रंगकाकांना आपल्या बायकोचा चेहरा आठवेनासा झाला होता, आणि ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती.

सांगणार तरी कुठल्या तोंडाने? सगळं आयुष्य त्यांनी नाटक मंडळीत लोकांची तोंडं रंगवण्यात घालवलं. एकदा पाहिलेलं नाक ते विसरत नसत. अशा माणसाला घरातलंच तोंड आठवत नाही म्हटल्यावर लोक हसले असते. किंवा हसले नसते, आणि ते जास्त वाईट.

अगदीच काही आठवत नव्हतं असं नाही. एक चेहरा आठवायचा, शेवटचा. इस्पितळातल्या उशीवरचा. गाल बसलेले, ओठ सुकलेले, डोक्याला रुमाल. डोळे मिटले की तोच हजर. त्याला बाजूला सारून मागचा धडधाकट चेहरा ओढून काढायला गेलं, की हाताला काही लागायचं नाही. फोटो होते घरात, नाही असं नाही. पण फोटोत ती फोटोतल्यासारखी दिसायची. नटी होती. कॅमेरा समोर आला की मान जराशी तिरपी करायची आणि दुसरीच कुणीतरी व्हायची.

मंडळीत ती राक्षसाची रूपं करायची. लहान मुलांसाठीचं एक जुनं नाटक होतं. त्यात एक राजपुत्र आणि एक मायावी राक्षस. राक्षस आपल्या खऱ्या रूपात असला की एक दांडगा नट, मंडळीतला दांड्या, ते काम करायचा. पण तो रूप बदलून आला, की ते रूप हिच्याकडे. हरीण, बैरागी, वाट चुकलेली म्हातारी, सगळं तीच. एक रूप विंगेत शिरायचं आणि पुढचा प्रवेश संपायच्या आत रंगकाका त्यातून दुसरं काढून द्यायचे. मंडळीतले लोक तिला काकू म्हणायचे आणि भांडण झालं की मायावी म्हणायचे. तिला दोन्ही आवडायचं.

राक्षसांबद्दल तिची स्वतःची मतं होती. रंग लावून घेताना तोंड हलवू नको असं हजारदा सांगूनही ती बोलत राहायची.

"अहो, राक्षसाला काही फार करावं लागत नाही. अर्धं काम समोरचाच करतो. त्याला हरीण हवं असतं, म्हणून ते सोन्याचं दिसतं. नको असतं तर नुसतं हरीण दिसलं असतं."

"गप्प बस. ओठ हलतोय."

"आणि तो एक राक्षस बघा, बोकड व्हायचा. कापून शिजवून पाहुण्यांना वाढायला लावायचा स्वतःला. मग भावाने हाक मारली की पोट फाडून बाहेर. केवढी ही हौस! आपल्या दांड्याला सांगा, त्याला साधी दाढी चिकटवली तर खाज सुटते."

एकदा रंगकाकांनीच तिला विचारलं होतं, की एवढी रूपं घेतात, मग मरताना सगळे राक्षस आपल्या मूळ रूपात का येतात? बाण लागला की हरणाचा राक्षस होतो, दूध पाजायला आलेल्या सुंदर बाईची राक्षसीण होते. का?

ती म्हणाली, "मरताना कोण नाटक करणार? अंगात त्राण नको?"

तेव्हा दोघं हसले होते. पुढे ती आजारी पडली, केस गेले, रंग उतरला, तेव्हाही ती आरशात बघून म्हणाली, "घ्या, रूप बदलायला लागले. आणि या वेळी यात तुमचा हात नाही हं." तेव्हा रंगकाका हसल्यासारखं करून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

ती गेल्यावर तेच जुनं वाक्य त्यांच्या डोक्यात घर करून बसलं. मरताना मूळ रूप. म्हणजे उशीवरचा तो चेहराच खरा, आणि आपण इतकी वर्षं पाहिला तो सगळा रंग? असं नसतं, हे त्यांना कळत होतं. पण कळून काय उपयोग, डोळे मिटले की तोच यायचा. त्यांनी मंडळीत जाणं सोडलं. रंगाची पेटी कपाटावर चढवून ठेवली. मुलगी जवळच राहायची. ती रोज डबा घेऊन यायची, खिडक्या उघडायची, आणि जाताना "बाबा, उद्या दाढी करा हं" म्हणून जायची. तिलाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

अशात एका संध्याकाळी मंडळीचा दिग्दर्शक घरी आला. उंचीमुळे त्याला सगळे लांब्या म्हणत. दारातून आत येताना सवयीने वाकला, आणि सवयीनेच थोडा कमी वाकला.

"डोकं?" रंगकाका म्हणाले.

"आहे अजून," लांब्या कपाळ चोळत खुर्चीत बसला. "काका, राक्षसाचं नाटक परत लावतोय."

"लाव की."

"रंगवायला तुम्ही हवेत."

"तुझ्याकडे नवीन पोरं आहेत ना?"

"आहेत. परवा एकाने बैराग्याला दाढी लावली. बैरागी शिंकला, दाढी पहिल्या रांगेत. एका पोराने ती घरी नेली."

रंगकाकांना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून ते जरा अवघडलेच. लांब्याने ती संधी साधली. म्हणाला, "एक प्रवेश नवा लिहिलाय. सगळी रूपं फसली की राक्षस शेवटी राजपुत्राच्या आईचं रूप घेऊन येतो. आई वारलेली असते त्याची. आणि राक्षस…"

बोलता बोलता आपण कुणासमोर काय बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने कानाची पाळी ओढली. "म्हणजे, तुम्हाला चालणार नसेल तर मी तो प्रवेश…"

"आई कशी दिसते?" रंगकाकांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. मला काय कळतंय त्यातलं? घरातली बाई वाटली पाहिजे, एवढंच. राणी नको. पोराला बघितल्यावर धावत जावंसं वाटलं पाहिजे." मग तो पुढे सरकून म्हणाला, "एकच घोळ आहे. राजपुत्राला कळतं कसं, की ही आई नाही? उलटी पावलं द्यावीत, तर ते भुताचं झालं. सावली पडत नाही म्हणावं, तर आपले दिवे असे की प्रत्येकाच्या चार सावल्या पडतात. बघू. सुचेल काहीतरी."

लांब्या गेल्यावर रंगकाकांनी स्टूल घेऊन कपाटावरची पेटी खाली काढली. पेटीवरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली. त्यांच्या मनात काय आलं होतं, ते त्यांनी स्वतःशीसुद्धा नीट शब्दांत म्हटलं नाही. पण म्हटलं असतं तर ते असं झालं असतं, की डोक्याला नाही आठवत तर नाही, हाताला आठवेल. ज्या हाताने तिचा चेहरा रोज रंगवला, त्या हाताला एक चेहरा द्यायचा आणि बघायचं काय करतो ते. एकदाच. एकदा तिला धडधाकट बघायचं, म्हणजे उशीवरचा तो चेहरा हटेल.

आईचं रूप करणारी पोरगी नवी होती. दिवसा ती एका दातांच्या डॉक्टरकडे काम करायची, म्हणून मंडळीत तिचं नाव दातवाली पडलं होतं. चेहरा गोल, बोलणं भरभर, आणि समोरच्याच्या दातांकडे बघून बोलायची खोड.

"काका, तुमची वरची दाढ गेलीय का? एका बाजूने चावता तुम्ही."

"तू गप्प बस. आता तोंड माझ्या ताब्यात आहे."

रंगीत तालमीचा दिवस होता. रंगपट म्हणजे रंगमंचाच्या मागची लांबट, अरुंद खोली. एका भिंतीला आरसा, आरशाभोवती दिवे, त्यातले काही गेलेले. आरशासमोर खुर्च्या. आरसा आणि खुर्ची यांच्यात माणूस उभा राहील एवढी जागाच नव्हती, त्यामुळे रंगकाका खुर्चीच्या मागे उभं राहून, पुढे हात घालून, आरशात बघत रंगवायचे. सगळी उमर अशीच गेली होती. मंडळीतल्या यच्चयावत नटांचे चेहरे त्यांना आरशातून पाठ होते.

या पद्धतीत एक धोका असतो, आणि तो ते प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायचे. जखम, डाग, काळी पट्टी, असं काही एका बाजूचं काढायचं असलं, तर आधी नटाच्या त्या खांद्यावर थाप मारायची आणि तोंडाने म्हणायचं, हा डावा. मगच ब्रश उचलायचा. कारण आरसा फसवतो. एका पोराने एकदा काण्या सेनापतीचा डोळा दोन अंकांत दोन बाजूंना झाकला होता. त्याला रंगकाकांनी सगळ्यांसमोर असं झापलं होतं, की ते पोर थेट प्रकाशयोजनेत गेलं.

दातवालीला खुर्चीत बसवून त्यांनी स्पंज ओला केला.   त्यांनी गालांच्या खाली किंचित गडद रंग ओढला, गोल चेहरा लांबट झाला. भुवया पेन्सिलीने जरा खाली आणल्या. खालचा ओठ भरला. नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पुसट रेघ. यातलं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. हात पुढे जात होता आणि ते बघत होते. केसांचा टोप चढवला, त्यातल्या दोन बटा कानामागून सोडवल्या.  

शेवटी त्यांनी बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि गालावर एक तीळ काढला.

आरशात ती बसली होती.

जेवायला बसल्यावर टेबलाच्या पलीकडे बसायची, तशी. समोर. जरा दमलेली, आता काहीतरी टोचून बोलणार अशी. रंगकाकांचा ब्रश हातातच राहिला.  बाजूच्या खुर्चीवर दांड्या नट आपले राक्षसाचे सुळे तपासत होता, मागून कुणी तलवार शोधत होतं, पण ते सगळं फार लांब होतं. ते नुसते बघत राहिले. आलीस, असं ते म्हणणार होते. 

पहिली घंटा झाली. दातवाली खुर्चीतून उठली, वळली आणि तोंड वर करून म्हणाली, "कशी दिसते, काका?"

कुणीतरी परकी बाई होती.

रंग तोच, भुवया त्याच, बटा त्याच. सगळं जागच्या जागी होतं आणि ती नव्हती. कुठून निसटली ते कळेना. रंगकाकांनी मान हलवून "जा, जा, उशीर होतोय" असं काहीतरी म्हटलं आणि तिच्याच रिकाम्या खुर्चीत बसले. समोर आरशात एक म्हातारा होता, हातात ब्रश घेऊन. त्यांच्या मनात आलं, बरोबरच झालं. अर्धं काम समोरचाच करतो म्हणायची ती. आपल्याला हवी होती म्हणून दिसली.

तेवढ्यात दारात मुलगी आली. बाबा रक्तदाबाची गोळी घरीच विसरले म्हणून ती घेऊन आली होती. दारातून बाहेर पडणारी दातवाली आणि ती, दोघी समोरासमोर आल्या. मुलीने एक पाऊल मागे घेतलं आणि चौकट धरली.

"ताई, बरं वाटत नाहीये का?" दातवालीने विचारलं.

 ती सरळ आत आली.

"बाबा, हे काय आहे?"

"आईचं रूप," रंगकाका म्हणाले. "राजपुत्राच्या."

"मला काय डोळे नाहीत? आईचा चेहरा राक्षसाला दिलात तुम्ही? मला विचारलंसुद्धा नाहीत!"

"ती आयुष्यभर राक्षसच करत आली."

"करत होती. होती का राक्षस?" मुलीचा आवाज चढला. दांड्या नट सुळे खिशात घालून हळूच बाहेर सटकला. "उद्या पोरं तिच्याकडे बोट दाखवून ओरडणार, मारा मारा म्हणून. ते ऐकायचंय तुम्हाला?"

रंगकाकांनी ब्रश खाली ठेवला. खोटं बोलायला काही सुचलं असतं तर ते बोलले असते.

"मला तिचा चेहरा आठवत नाही," ते म्हणाले. "इस्पितळातला आठवतो. त्याच्या आधीचा येत नाही. म्हटलं, हाताने काढून बघावा."

मुलगी तशीच उभी राहिली. मग तिने शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. गोळीची पुडी तिच्या हातात चुरगळली होती, ती तिने उगाचच सरळ केली.

"कधीपासून?"

"ती गेल्यापासून."

"आणि मी तुम्हाला रोज दाढी करायला सांगत बसले."  "मग? आठवला?"

"आरशात आली होती. अगदी तीच. मग ही पोरगी वळली आणि गेली. काय चुकलं कळत नाही."

"कळत नाही? बाबा, तीळ!"

"तिळाचं काय?"

"आईचा तीळ डाव्या गालावर होता. तुम्ही उजव्या गालावर काढलाय. मला दारातच खटकलं. आई वाटली, आणि लगेच नाही वाटली."

"शक्य नाही," रंगकाका ताडकन म्हणाले. इतकी वर्षं लोकांना झापलेला माणूस होता तो. "मी कधी बाजू चुकत नाही."

मुलीने दातवालीला हाक मारून आत बोलावलं, खांद्यांना धरून आरशाकडे उभं केलं. "आता बघा." आरशात ती परत आली. टेबलापलीकडची, समोरची. मग मुलीने दातवालीला त्यांच्याकडे वळवलं. "आणि आता बघा."

रंगकाकांना कळलं. ती समोर बसली की तीळ त्यांच्या उजव्या हाताच्या बाजूला दिसायचा. तोच त्यांनी आरशात उजव्या हाताला काढला होता. खांद्यावर थाप मारली नव्हती, हा डावा म्हटलं नव्हतं. त्या क्षणी समोर आरसा आहे हेच ते विसरले होते. त्यांना वाटलं होतं, आपण घरी आहोत.

"अशी चूक पहिल्या दिवशीचं पोरसुद्धा करत नाही," ते पुटपुटले.

"आई असती तर तुम्हाला वर्षभर ऐकवलं असतं."

"वर्षभर? मरेपर्यंत," रंगकाका म्हणाले, आणि दोघंही एकदम हसली. मग मुलीने तोंड फिरवून डोळे पुसले. दातवालीला काहीच कळलं नव्हतं, पण तीही जरा हसली.

लांब्या डोकं वाकवून आत आला. "दुसरी घंटा झाली. काय चाललंय?" त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच ना? पुसा आणि डावीकडे काढा. चुटकीसरशी होईल."

रंगकाकांनी कापूस हातात घेतला. लांब्याचं बरोबर होतं. चुटकीचं काम. एवढं केलं, की ती आरशातून बाहेर येणार. वळल्यावरही राहणार. रंगमंचावर दिव्यांच्या उजेडात चालणार, आणि आपण विंगेत उभं राहून तिला हवं तेवढं बघायचं. याचसाठी तर पेटी खाली काढली होती. त्यांनी दातवालीच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती वाट बघत होती, हनुवटी वर करून.

आणि त्यांना दिसलं, की तीळ जागेवर गेला की पुढे काय होणार. ती हात पसरून राजपुत्राला बोलावणार, आणि आतून तो राक्षसच असणार. मुलगी म्हणत होती ते हेच. तिचा चेहरा पुरता देऊन टाकायचा, तो कुणाला? वर प्रयोग संपला की पुसायचा. म्हणजे आपल्याच हाताने दुसऱ्यांदा घालवायची.

त्यांनी कापूस पेटीत ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "उलटाच राहू दे."

"अहो काका, पण…"

"तुझा घोळ होता ना, राजपुत्राला कळतं कसं? असं कळतं. राक्षसाने त्याच्या आईला समोरून कधी बघितलेलंच नाही. ती तळ्यावर पाणी भरायला यायची, तेव्हा तो झाडावर दडून पाण्यातलं तिचं प्रतिबिंब बघायचा. पाण्यात जशी दिसली, तशी उचलली त्याने. सगळं बरोबर घेतलं, बाजू उलटी आली."

लांब्याने कान ओढला. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "आणि पहिल्याच प्रवेशात राजपुत्र सांगेल, की आईच्या डाव्या गालावर तीळ होता, मी त्यावर बोट ठेवून झोपायचो. म्हणजे पोरांना आधीच ठाऊक!" तो दाराकडे धावला, चौकटीवर डोकं आपटलं, "आहे, आहे" म्हणत पुढे गेला.

रंगकाकांनी मुलीकडे बघितलं. "चालेल का?"

"म्हणजे ती आई नाही, हे पोरांना कळणार?"

"सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळणार."

"मग चालेल," मुलगी म्हणाली. "गोळी घ्या आधी."

प्रयोग रविवारी सकाळी होता. थिएटर पोरांनी भरलेलं, सगळीकडे खाऊच्या पिशव्यांची कुरकुर. राजपुत्राचं काम करणारा एरवी बस चालवायचा, आणि त्याचं पोट राजपुत्राला शोभणारं नव्हतं. पण पहिल्या प्रवेशात तो डाव्या गालावर बोट ठेवून आईबद्दल बोलला, तेव्हा पिशव्या थांबल्या.

हरीण आलं, बैरागी आला, म्हातारी आली. शेवटी दिवे मंद झाले आणि आई आली. रंगकाका विंगेत उभे होते, मुलगी त्यांच्या शेजारी. दातवाली रंगमंचाच्या मधोमध थांबली. तिने हात पसरले. "ये बाळा. किती वाळलास रे."

बसवाला जागचा हलला नाही, पण हलणार असं दिसलं. त्याने एक पाऊल टाकलं. त्या एका पावलापुरतं रंगकाकांना मनापासून वाटलं, की जाऊ दे. जाऊ दे त्याला. काय बिघडणार आहे?

"उलटा!" मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. "तीळ उलटा आहे!"

मग सगळं थिएटर उठलं. "जाऊ नको! उलटा! उलटा!" पोरं खुर्च्यांवर चढली. एक चिमुरडी आपल्याच गालावर बोट आपटून राजपुत्राला बाजू दाखवत होती. आणि बसवाला रडत होता. तालमीत तो कधी रडला नव्हता. तो म्हणाला, "तू माझ्या आईला पाण्यात पाहिलंस. मी तिला समोर पाहिलंय." मग दिवे गेले, धूर आला, आणि धुरातून दांड्या नट सुळे परजत बाहेर आला, राजपुत्राची तलवार लागून पडला आणि मेला. टाळ्या थांबेनात.

मुलीने अंधारात बापाचा हात धरला होता. "समोर पाहिलंय," ती हळूच म्हणाली. रंगकाकांनी मान हलवली. लांब्याने ते वाक्य कधी लिहिलं, त्यांना माहीत नव्हतं.

प्रयोगानंतर दातवाली धापा टाकत येऊन खुर्चीत बसली. "काका, ऐकलंत का काय ओरडत होती पोरं! लवकर पुसा हो, दुपारी दवाखाना आहे."

रंगकाकांनी कापसाच्या बोळ्यावर तेल घेतलं. खुर्चीच्या मागे उभे राहिले. तिने डोळे मिटून मान मागे टाकली. त्यांनी आधी कपाळ पुसलं, मग भुवया, मग उजवा गाल. काढलेला तीळ एका फटकाऱ्यात पसरला आणि गेला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

मग हात डाव्या गालावर गेला आणि हळू झाला.

त्यांनी हळू केला नव्हता. तो आपणहून हळू झाला. बोळा गालावरून फिरत एका जागेपाशी आला, आणि अंगठा तिथे थांबून राहिला. काहीतरी वर यायची वाट बघत असल्यासारखा. आणि मग त्यांना आठवलं.

ती रूपं करायची तेव्हा तिचा तीळ रंगाखाली झाकावा लागायचा. हरणाला तीळ कुठला? रोज झाकायचा, आणि प्रयोग झाला की रोज पुसताना तो रंगाखालून वर यायचा. तिथे आलं की ती डोळे न उघडता म्हणायची, "अहो, जपून. हा रंग नाहीये, हा माझा आहे." एकदा त्यांनी घाईत घासलं तर तिथे रक्त आलं होतं. तेव्हापासून तिथे हात हळू.

इतके दिवस ते तिचा चेहरा काढायला बघत होते. पण काढताना तो कधी तिचा नव्हताच, तो हरणाचा, बैराग्याचा, म्हातारीचा होता. ती पुसताना यायची.

आणि ती आली. अर्धी पुसलेली, एक भुवई म्हातारीची पांढरी, एक तिची स्वतःची. तेलाने चकाकणारं कपाळ. कानाच्या पाळीमागे राहून गेलेला रंग. दमून डोळे मिटलेली, आणि भुकेने चिडलेली. "भांडं घासताय का माझं तोंड? आटपा, पोटात कावळे ओरडतायत." हा चेहरा कुणी कधी फोटोत घेतला नव्हता. असा चेहरा घेऊन कुणी कॅमेऱ्यासमोर जात नाही. तो रोज फक्त त्यांनाच दिसायचा, याच खोलीत.

उशीवरचा चेहराही होता. तो कुठे गेला नव्हता. पण आता तो त्यांना रंगाच्या एका थरासारखा वाटला, दुसऱ्याच कुणीतरी लावलेल्या. तो पुसायला त्यांचा हात मिळाला नव्हता, एवढंच.

"काका?" दातवालीने एक डोळा उघडला. "तिथे काही आहे का? फोड आलाय?"

"नाही," रंगकाका म्हणाले. "तिथे काही नाही. डोळे मिट."

दारात मुलगी डब्याची पिशवी घेऊन उभी होती. आरशातून तिने बापाकडे बघितलं. त्यांचा अंगठा कुठे थांबलाय ते बघितलं.  पिशवी खाली ठेवली आणि तिथेच चौकटीला टेकून उभी राहिली.

रंगकाकांनी नवा बोळा घेतला आणि डावा गाल जपून पुसायला सुरुवात केली.